वाचकांचे प्रश्न : चेहऱ्यावरच्या दुर्मीळ कॅन्सरसाठी सर्जन कसा निवडावा?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी आहोत. माझ्या आईचे वय ५८ आहे. तिच्या वरच्या ओठावर उजवीकडे, नाकपुडीच्या खाली, सहा-सात वर्षांपासून एक कडक, पिवळसर पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून ती तो पदराआड झाकत राहिली. गावच्या डॉक्टरांनी मलम दिले. तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात वरवरचा छोटा तुकडा काढून तपासला, तेव्हा ‘घामाच्या ग्रंथीची साधी गाठ’ असा रिपोर्ट आला. या दिवाळीच्या आधी चट्टा वाढल्यासारखा वाटला, म्हणून एका खासगी दवाखान्यात तो काढून टाकला. या वेळी ‘मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा, कडा बाधित’ असा रिपोर्ट आला. तेथील डॉक्टर म्हणतात, अजून थोडे कापू, अर्ध्या तासाचे काम आहे. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी नागपूरच्या प्लास्टिक सर्जनकडे जायला सांगितले. मामा म्हणतात, थेट मुंबईला टाटा हॉस्पिटलात न्या. आई म्हणते, “मले आता कुठी नेऊ नोका, चाकू लागला का हे अजून पसरते.” कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि हाती पैसा नाही. एवढ्या सल्ल्यांतून योग्य डॉक्टर आमच्यासारख्यांनी कसा ओळखावा? एक सांगायचे राहिले : चहा पिताना तो त्या बाजूने ओघळला तरी आईला कळत नाही.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ (नाव छापू नये, ही विनंती)

उत्तर : ‘सांगायचे राहिले’ म्हणून तुम्ही जे वाक्य शेवटी लिहिले, ते माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. वरच्या ओठाची संवेदना डोळ्याच्या खोबणीखाली हाडाच्या एका छिद्रातून बाहेर येणाऱ्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते. ओठावर ओघळलेला चहा कळत नसेल, तर हा मज्जातंतू किंवा त्याच्या फांद्या बाधित झाल्या असण्याची शक्यता आहे. गाठ काढताना झालेल्या जखमेमुळेही काही काळ असा बधिरपणा राहतो, म्हणून हे शस्त्रक्रियेच्या आधीपासून होते की नंतर सुरू झाले, एवढे आईंना नीट आठवून सांगायला लावा. आधीपासून असेल, तर केव्हापासून ते कागदावर लिहा आणि ज्या डॉक्टरकडे जाल त्याला बसताक्षणी सांगा. ते ऐकल्यावर जो डॉक्टर उठून आईंच्या ओठाच्या दोन्ही बाजूंवर कापसाचा बोळा हलकेच फिरवून पाहील, गालाची आणि नाकाच्या कडेची संवेदना तपासेल आणि चेहऱ्याचा एमआरआय करावा लागेल का याचा विचार करील, त्याला हा आजार ठाऊक आहे किंवा निदान तो समजून घेण्याची त्याची तयारी आहे, असे मी समजेन.

मी स्वतः सर्जन नाही. माझे आयुष्य विदर्भातल्या प्रयोगशाळांत, सर्जनांनी कापून पाठवलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेले. त्यामुळे सर्जनची पारख मी माझ्या टेबलावर येणाऱ्या बाटलीवरून करत आलो. काही बाटल्यांत नुसता मांसाचा तुकडा तरंगत असे आणि चिठ्ठीवर ‘गाठ, ओठ’ एवढेच लिहिलेले असे. त्या तुकड्याची वरची बाजू कोणती, नाकाकडची कोणती, गालाकडची कोणती, हे कळायला मार्ग नसे. मग ‘कड बाधित आहे’, म्हणजे तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत, असे मी लिहिले तरी नेमकी कोणती कड, हे मलाही सांगता येत नसे आणि पुन्हा कापायला बसलेल्या सर्जनलाही कळत नसे. दुसऱ्या काही बाटल्यांत त्याच तुकड्याच्या वरच्या टोकाला आखूड दोरा आणि बाहेरच्या टोकाला लांब दोरा बांधलेला असे, सोबत चेहऱ्याचे हाताने काढलेले छोटे चित्र असे, आणि संध्याकाळी त्या सर्जनचा फोन येई : “साहेब, खालची कड नीट पाहाल, तिथे मला हाताला कडक लागले होते.” तुमच्या आईंसाठी या दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा आहे. तो कोणत्या शहरात बसतो, हा नंतरचा प्रश्न आहे.

असे का, ते समजण्यासाठी आजाराचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा हा त्वचेतल्या घर्मग्रंथी आणि केसांच्या मुळांशी नाते असलेल्या पेशींचा कॅन्सर आहे. स्वतंत्र आजार म्हणून त्याचे वर्णन १९८२ साली प्रथम झाले. तो मुख्यतः चेहऱ्याच्या मध्यभागी, त्यातही वरच्या ओठाजवळ आढळतो, वर्षानुवर्षे संथ वाढतो आणि दुखत नाही, त्यामुळे माणूस त्याच्यासह निवांत जगत राहतो. शरीरात दूरवर पसरण्याची त्याची प्रवृत्ती फार कमी आहे, ही मोठी दिलाशाची बाब आहे. मात्र जिथे आहे तिथे तो खोल जातो, बारीक धाग्यांसारखा चरबीत आणि स्नायूंत शिरतो, आणि मज्जातंतूंच्या आवरणाला धरून पुढे सरकतो. काळ्या जमिनीत कुंदा माजला की वरून विळ्याने कापून काही होत नाही, खाली मुळ्या किती अंतरावर पसरल्या आहेत ते खणल्याशिवाय कळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. या कॅन्सरचेही तसेच आहे : वर दिसणाऱ्या चट्ट्यापेक्षा त्वचेखालचा पसारा कितीतरी मोठा असू शकतो. ‘अर्ध्या तासात अजून थोडे कापू’ या सल्ल्याला माझा आक्षेप आहे तो यासाठी. ‘थोडे’ म्हणजे किती, हे कोणत्याही सर्जनला नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट चुकला, म्हणून त्या डॉक्टरांवर राग धरू नये, असे मी आवर्जून सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातूनही झालेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळामास्तरांच्या गालावरचा असाच वरवरचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा माझ्याकडे आला होता. या आजाराचा वरचा थर साध्या, निरुपद्रवी घर्मग्रंथीच्या गाठीसारखाच दिसतो. खोलवरच्या थरात पेशींच्या ओळी मज्जातंतूभोवती गुंडाळलेल्या दिसतात, तेव्हा तो ओळखू येतो. माझ्या काचपट्टीवर तो खोल थर नव्हताच. मी ‘साधी गाठ’ असे लिहून मोकळा झालो. ‘तुकडा वरवरचा आहे, खोल तुकडा पाठवा’ अशी एक ओळ मी लिहायला हवी होती, ती लिहिली नाही. मास्तर चार वर्षांनी परत आले, तेव्हा त्यांच्या गालाचा मोठा भाग आणि खालची पापणी काढावी लागली. त्या दिवसापासून चेहऱ्यावरच्या गाठीचा उथळ तुकडा आला की ती ओळ लिहिल्याशिवाय मी सही केलेली नाही.

आता कडांविषयी. सर्वसाधारण पद्धतीत काढलेल्या गाठीचे पावासारखे उभे काप करतात आणि त्यांतले मोजके काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन कापांच्या मधला भाग न पाहिलेलाच राहतो, आणि हिशोब केला तर बाहेरच्या कडेचा एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष नजरेखालून जातो. बहुतेक गाठींना हे पुरते. धाग्यांसारख्या पसरणाऱ्या या कॅन्सरला ते पुरत नाही. आपल्याकडचे संत्रे डोळ्यांपुढे आणा. त्याच्या चार-पाच चकत्या कापून सालीवर डाग आहे का ते शोधणे वेगळे, आणि अख्खी साल सोलून, सपाट पसरून, तिचा प्रत्येक कोपरा पाहणे वेगळे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोस या सर्जनने १९३० च्या दशकात ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्यात ही दुसरी गोष्ट केली जाते. गाठीची संपूर्ण बाहेरची आणि खालची कड सपाट करून तपासतात, जिथे पेशी सापडतील तेवढ्याच जागेवरून पुन्हा पातळ थर घेतात, आणि सगळी कड स्वच्छ आल्यावरच जखम बंद करतात. चेहऱ्याचा निरोगी भाग त्यामुळे वाचतो, आणि ओठाच्या बाबतीत एकेका मिलिमीटरला किंमत असते, कारण बोलणे, गिळणे आणि तोंड मिटणे त्यावर अवलंबून आहे.

मोस पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आपल्या देशात मोजके आहेत, म्हणून तेवढ्यासाठीच अडून बसावे असे मी म्हणणार नाही. त्याच तत्त्वावरची एक पर्यायी वाट चांगल्या कॅन्सर रुग्णालयांत उपलब्ध होऊ शकते. गाठ भोवतालच्या पुरेशा निरोगी भागासह काढायची, दोरे बांधून आणि नकाशा करून सगळी कड तपासायला पाठवायची, जखम तात्पुरती झाकून ठेवायची, काही दिवसांनी पक्का रिपोर्ट आला की उरलेला भाग काढायचा, आणि कड स्वच्छ आल्यानंतरच प्लास्टिक सर्जनने ओठाची पुनर्रचना करायची. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून ताबडतोब तपासण्याची सोय अनेक ठिकाणी असते आणि ती उपयोगी आहे. पण आधीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणात लपलेले या कॅन्सरचे बारीक धागे गोठवलेल्या तुकड्यात ओळखणे अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. त्यामुळे पक्क्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी गालाची त्वचा फिरवून सगळे शिवून टाकणारा सर्जन मला पसंत नाही. एकदा त्वचा फिरवली की खालची जागा हलते, आणि मागे राहिलेली कड नेमकी कुठे गेली ते नंतर कोणालाच सापडत नाही.

तेव्हा सर्जनसमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : “कडांचा पक्का रिपोर्ट येण्याआधी तुम्ही जखम कायमची बंद करणार का?” दुसरा प्रश्न, “कडा कोण तपासणार आणि तुमचे त्यांच्याशी बोलणे होते का?” तिसरा, “कड पुन्हा बाधित आली तर पुढे काय?” याचे उत्तर आधीच तयार असायला हवे. चौथा प्रश्न विचारायला माणसे संकोचतात, पण तो विचाराच : “शस्त्रक्रिया स्वतः तुम्ही करणार की दुसरे कोणी?” असे किती रुग्ण पाहिले, असेही विचारावे. आजार इतका दुर्मीळ आहे की चांगला सर्जनसुद्धा “एक-दोन” किंवा “एकही नाही” म्हणू शकेल. ते प्रामाणिक उत्तर कमीपणाचे मानू नका. पुढे विचारा की चेहऱ्याच्या त्वचेचे इतर कॅन्सर, विशेषतः ओठ, नाक आणि पापणीचे, ते नियमितपणे करतात का, आणि या आजाराबद्दल ते कोणाचा सल्ला घेणार आहेत. मला भीती वाटते ती “असे तर आम्ही रोजच करतो” म्हणणाऱ्याची, कारण हा आजार रोज कोणाकडेच येत नाही.

काही गोष्टी ऐकू आल्या तर तेथून नम्रपणे उठून या. लेसरने, विजेच्या उपकरणाने किंवा अतिथंड वायूने जाळून टाकू, असे कोणी म्हणाले तर नकार द्या : जाळलेल्या भागाची कड तपासता येत नाही. डाग राहणार नाही अशी हमी, आधीच्या काचपट्ट्या न मागता दिलेली शस्त्रक्रियेची तारीख आणि ‘उद्याच भरती व्हा, नाही तर हाताबाहेर जाईल’ अशी घाई, यांनाही मी त्याच रांगेत बसवतो. हा संथ आजार आहे. योग्य जागा शोधण्यात पंधरा-वीस दिवस गेले तर बिघडत नाही. वेचणी, मग तूर, मग लग्नसराई असे करत वर्ष गेले, तर मात्र बिघडते.

पदव्यांविषयी थोडक्यात. एम.बी.बी.एस. नंतर एम.एस. झालेला जनरल सर्जन पोटाच्या शस्त्रक्रियांत निष्णात असेल, पण ओठावरच्या या कामासाठी त्यापुढचे शिक्षण हवे. कॅन्सर शस्त्रक्रियेची एम.सी.एच. किंवा त्या दर्जाची राष्ट्रीय मंडळाची पदवी, किंवा नाक-कान-घसा विषयात एम.एस. करून डोके-मान कॅन्सरचे रीतसर प्रशिक्षण, यांपैकी काही असलेला माणूस कॅन्सर काढण्यासाठी योग्य, आणि प्लास्टिक सर्जरीतली एम.सी.एच. असलेला माणूस ओठ पुन्हा घडवण्यासाठी योग्य. दोघे एकाच रुग्णालयात, एकमेकांशी बोलून काम करणारे असतील, तर उत्तम. यवतमाळच्या डॉक्टरांनी प्लास्टिक सर्जनकडे पाठवले त्यात चूक नाही. केवळ घडवणाऱ्याकडे आधी जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आठवड्याचा कोर्स करून मिळवलेली प्रमाणपत्रेही अलीकडे फलकावर पदवीच्या अक्षरांत लिहिली जातात, तेव्हा नुसत्या फलकावर विसंबू नका. प्रत्येक डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो रुग्णाला दिसेल असा लावणे त्याच्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून नोंदणी पाहता येते. गावातल्या शिकलेल्या मुलाला मोबाइलवर हे पाच मिनिटांत करता येईल.

आता तातडीचे काम, आणि ते डॉक्टर शोधण्याच्याही आधीचे आहे. ज्या प्रयोगशाळेने रिपोर्ट दिला, तिच्याकडून काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. ठोकळा म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी लहान प्लास्टिकची चौकट असते आणि तिच्यावर मेणात आईंच्या गाठीचा तुकडा गोठवलेला असतो. तो आईंचा आहे आणि तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तीन वर्षांपूर्वीचा तुकडा अजून कोठे जपून ठेवला असेल, तर तोही मागा. सही करून घ्या, क्रमांक लिहून घ्या, काचपट्ट्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवा आणि ठोकळे उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीत टाकू नका, मेण मऊ पडते. शस्त्रक्रिया झालेल्या दवाखान्याचे कागदपत्रही लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. कोणतेही मोठे रुग्णालय हे ठोकळे स्वतः पुन्हा तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरवत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या तपासणीत निदान बदलल्याचीही उदाहरणे मी पाहिली आहेत.

कुठे जावे? मामांचा सल्ला चुकीचा नाही. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून हेच काम करत आहे, आणि दुर्मीळ आजारात असा अनुभव मोलाचा असतो. पण आईंना उचलून एकदम मुंबईला नेण्याआधी मी तुमच्या जागी असतो तर ठोकळे घेऊन पहिल्यांदा नागपूर किंवा वर्धा गाठले असते. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपण ज्याला ‘मेडिकल’ म्हणतो ते, मिहानमधले एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. यांपैकी एका ठिकाणी जाऊन, वर लिहिलेले प्रश्न विचारून, आईंचा विषय त्यांच्या संयुक्त बैठकीत, जिला डॉक्टर मंडळी ट्यूमर बोर्ड म्हणतात, तिथे ठेवण्याची विनंती करा. सर्जन, विकृतितज्ज्ञ (माझ्यासारखे तुकडे तपासणारे डॉक्टर), किरणोपचारतज्ज्ञ आणि एमआरआय वाचणारे डॉक्टर एकत्र बसून योजना कागदावर लिहून देतात. कडांची पूर्ण तपासणी आणि टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया तेथे होणार असेल, तर मुंबईची गरज नाही : पुढची अनेक वर्षे तपासणीला जायचे आहे आणि जवळचे ठिकाण आईंना झेपेल. तेथील डॉक्टरच ‘मुंबईला जा’ म्हणाले, तर मात्र घरी परतून चर्चा करत बसू नका, त्यांची चिठ्ठी घेऊन तसेच जा.

पैशाची चिंता खरी आहे, पण तिच्यामुळे दारव्ह्यातच अर्ध्या तासाचे काम उरकू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा, रेशनकार्ड, आधार आणि सातबारा सोबत ठेवा, आणि आधी मंजुरी, मग शस्त्रक्रिया हा क्रम पाळा. खर्च करून मागाहून योजनेत बसवता येईल, या भरवशावर राहू नका. मुंबईला जावेच लागले, तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो आधी मागून घ्या.

आईंच्या भीतीबद्दल. “चाकू लागला का पसरते” हे वाक्य मी गावोगाव ऐकले आहे आणि ते उगाच आलेले नाही. अपुरी शस्त्रक्रिया होते, मागे राहिलेला आजार काही महिन्यांनी वाढलेला दिसतो, आणि दोष चाकूला जातो. त्यांना असे समजावा की आधी अर्धवट निघाले, म्हणून पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी सगळे निघाले का ते पाहिल्याशिवाय डॉक्टर जखम शिवणार नाहीत. त्यांच्यासमोर हेही लपवू नका की ओठाचा काही भाग जाईल, काही दिवस उघड्या जखमेवर पट्टी बांधून राहावे लागेल, आणि नवा ओठ आधीसारखा हुबेहूब असणार नाही. शक्य असेल तर सर्जनला विनंती करा की हे सर्व त्यांच्याशीच बोलावे, मुलाशी दाराबाहेर नव्हे. ओठ त्यांचा आहे. वर्षानुवर्षे पदराआड झाकून जगलेल्या बाईला आपल्या चेहऱ्याचे काय होणार हे विचारण्याचा पहिला अधिकार आहे.

किरणोपचाराविषयी तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवील. शस्त्रक्रिया अशक्य असेल किंवा मज्जातंतू बाधित आढळला, तर त्याचा विचार होतो. शस्त्रक्रियेऐवजी सोपा मार्ग म्हणून तो स्वीकारू नये. केमोथेरपीचे ठरलेले औषध या आजाराला नाही. तेव्हा शस्त्रक्रिया टाळून गोळ्यांनी किंवा जडीबुटीने बरे करू म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

शस्त्रक्रिया होऊन कड स्वच्छ आल्यावरही हा आजार अनेक वर्षांनी त्याच जागी पुन्हा येऊ शकतो. दर तपासणीआधी मोबाइलवर, खिडकीजवळच्या उजेडात, त्याच अंतरावरून ओठाचा एक फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी कापसाचा बोळा फिरवून दोन्ही बाजू सारख्या कळतात का ते विचारा. फरक जाणवला तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : मी चिखलदरा तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. आमच्या पाड्यावरच्या ६६ वर्षांच्या आजीच्या वरच्या पापणीवर गाठ आली होती. रांजणवाडी समजून ती दोनदा फोडून साफ केली, तिसऱ्यांदा पुन्हा तिथेच आली आहे. तुकडा कधी तपासला नाही. हे कॅन्सरसारखे काही असू शकते का?
— एक वाचक, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : असू शकते, आणि तुम्ही विचारलेत हे फार चांगले केले. पापणीतल्या तेलग्रंथींचा एक कॅन्सर असतो, सिबेशियस कार्सिनोमा. पापणीच्या कॅन्सरांमध्ये त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्या देशात बरेच अधिक आढळते, आणि वरच्या पापणीत तेलग्रंथी अधिक असल्याने तो तिथे जास्त दिसतो. तो साध्या रांजणवाडीचे किंवा एकाच डोळ्याच्या न हटणाऱ्या लालीचे सोंग घेतो. आजींच्या पापणीचे केस गाठीच्या जागी गळले आहेत का आणि गाठ पिवळसर आहे का, ते आजच उजेडात पाहा. कानापुढे आणि मानेला हात लावून गाठी लागतात का तेही पाहा, कारण आधीच्या पत्रातल्या आजारापेक्षा हा आजार गाठींत लवकर पसरतो.

उतारवयात त्याच जागी पुन्हा आलेली पापणीची गाठ तपासणीला पाठवल्याशिवाय तिसऱ्यांदा फोडायची नाही, असे तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. तुकडा पापणीच्या पूर्ण जाडीचा हवा, आणि चिठ्ठीवर ‘सिबेशियस कार्सिनोमाची शंका’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. ही शंका आधी कळली तर आम्ही तुकड्याचा काही भाग चरबीच्या खास रंगासाठी राखून ठेवू शकतो, कारण नेहमीच्या प्रक्रियेत ती चरबी विरघळून जाते. कॅन्सर निघाला, तर पापणीच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रसर्जनकडेच जायचे. तो नुसती गाठ न काढता पापणीच्या आतल्या बाजूच्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणावरून ठिकठिकाणचे छोटे तुकडेही घेईल, कारण हा कॅन्सर मधली जागा सोडून दुसरीकडे उगवू शकतो. कडांबद्दलचे प्रश्न वरच्या उत्तरात दिलेलेच विचारावेत. आजींना एकटे पाठवू नका, शक्य झाले तर तुम्ही सोबत जा आणि आधी दोनदा गाठ फोडली त्या तारखा लिहून न्या.